फ्यूज उडाला, पण कशाने?

वापरलेला पेलेट स्टोव्ह घरी आणला, प्लग लावला, बटण दाबले आणि एकही दिवा लागला नाही, की पहिला संशय कंट्रोल बोर्डावर जातो. बोर्ड हा स्टोव्हच्या महागड्या सुट्या भागांपैकी एक. तो बदलूनही स्टोव्ह ढिम्म राहिला, तर स्वस्तात घेतलेली वस्तू महागात पडते. आमच्याकडे आलेल्या स्टोव्हने मला यापेक्षाही मोठी गोष्ट शिकवली. बंद स्टोव्ह चालू करणे हे निम्मेच काम आहे. तो कशाने बंद पडला आणि आधीच्या मालकाकडे कसा चालत होता, हे कळल्याशिवाय तो पेटवू नये.

आम्ही न्यू हॅम्पशायरमध्ये राहतो. इथल्या पुष्कळ घरांची हिवाळ्यातली ऊब तेलाच्या भट्टीवर अवलंबून असते आणि तेलाचा भाव चढला की घरखर्च हाताबाहेर जातो. म्हणून अनेक जण जोडीला पेलेट स्टोव्ह ठेवतात. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या कांड्या म्हणजे पेलेट. त्या चाळीस पौंडांच्या पिशव्यांत मिळतात. स्टोव्हच्या वरच्या पेटीत त्या ओतल्या की ऑगर नावाचा स्क्रू फिरत फिरत थोड्या थोड्या जळणाच्या भांड्यात टाकतो. इग्नायटर तापून त्यांना पेटवतो, एक पंखा धूर बाहेर ओढतो आणि दुसरा गरम हवा खोलीत सोडतो. हे सगळे विजेवर चालते. त्यामुळे पेटी काठोकाठ भरलेली असली, तरी वीज आत पोहोचत नसेल तर स्टोव्ह थंडच राहतो.

आम्ही घेतलेला स्टोव्ह विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये धुराडे काढून ठेवलेला होता, त्यामुळे तो पेटवून दाखवणे शक्यच नव्हते. ‘मागच्या हिवाळ्यात मस्त चालत होता,’ एवढे त्यांनी सांगितले आणि किंमतही त्या मानाने कमी लावली. घरी आणून वीज दिली तर पॅनेल पूर्ण मेलेले.

शेजारी एक निवृत्त इलेक्ट्रिशियन राहतात. त्यांनी आल्या आल्या विचारले, “काहीच होत नाही, की दिवे लागतात पण पेटत नाही?” सगळी तपासणी या प्रश्नापासून सुरू होते. दिवे लागत असतील तर बोर्डाला वीज मिळते आहे. मग दोष एखाद्या सेन्सरमध्ये, इग्नायटरमध्ये, ऑगरमध्ये किंवा थर्मोस्टॅटच्या जोडणीत असू शकतो. बऱ्याच स्टोव्हना मागच्या बाजूला थर्मोस्टॅटचे दोन स्क्रू असतात. थर्मोस्टॅट लावायचा नसेल तर काही मॉडेलमध्ये तिथे वायरचा छोटा तुकडा जोडावा लागतो. विकणारा स्वतःचा थर्मोस्टॅट काढून घेतो, ती जागा मोकळी राहते आणि धडधाकट स्टोव्ह नुसता वाट पाहत बसतो. पॅनेल पूर्ण मेलेले असेल, तर मात्र भिंतीपासून आत एकेक टप्पा तपासत जायचे.

आम्ही तसेच केले. त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावून पाहिला, तो लागला. मीटरवर १२० व्होल्टच्या आसपास आकडा आला. मग प्लग काढला आणि दोर तपासला, तो शाबूत होता. त्यानंतर मागचे झाकण उघडले. गॅरेजमध्ये किंवा गोठ्यात पडून राहिलेल्या स्टोव्हमध्ये उंदीर घरटी करतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून आधी टॉर्च घेऊन प्रत्येक वायर नजरेखालून घातली. बोर्ड आणि पॅनेल यांना जोडणारी पट्टी नीट बसलेली होती. काही स्टोव्हमध्ये अतितापमानाच्या स्विचवर छोटे लाल बटण असते. तो स्विच उडालेला असला तर बटण दाबून परत बसवावा लागतो. तोही ठीक निघाला.

बोर्डावरचा काचेचा फ्यूज मात्र बोलका होता. आतली तार नुसती तुटलेली असती तर काच स्वच्छ दिसली असती. ही काच आतून काळी पडली होती आणि तिच्यावर चंदेरी डाग होते. थोडा जास्त भार आला तर तार हळू वितळते. काच अशी काळवंडते तेव्हा कुठेतरी थेट शॉर्ट झालेले असते. मी नवा फ्यूज हातात घेतला तेव्हा शेजाऱ्यांनी थांबवले. “आधी याला मारणारा शोधू, मग नवा घालू,” ते म्हणाले.

मारणारा होता इग्नायटर. फ्यूज उडवण्यात तो नेहमीच संशयितांच्या यादीत वर असतो, कारण स्टोव्हमधली सर्वांत जास्त वीज तोच घेतो. त्याच्या दोन्ही वायरी सोडवल्या. १२० व्होल्टवर ३०० वॉटच्या इग्नायटरचा रोध साधारण ४८ ओहम असतो, ४०० वॉटच्या इग्नायटरचा ३६. त्याची एक वायर आणि बाहेरचा धातूचा भाग यांच्यामध्ये मात्र प्रवाहाला वाट मिळता कामा नये. आमच्या मीटरने तिथे ठणठणीत बीप दिला. म्हणजे वीज इग्नायटरमधून थेट स्टोव्हच्या लोखंडात उतरत होती. इग्नायटर सोडवलेला ठेवून त्याच अँपिअरचा, त्याच प्रकारचा फ्यूज घातला, तेव्हा पॅनेलचे दिवे लागले. बोर्ड ठणठणीत होता.

इथेच थांबलो असतो तर नवा इग्नायटर बसवून त्याच आठवड्यात स्टोव्ह पेटवला असता. पण वायरी उघड्याच होत्या, म्हणून शेवटपर्यंत पाहायचे ठरवले. एका बाजूला, पंख्याच्या मागे, काळ्या चिकटपट्टीची गाठ दिसली. पट्टी सोडवली. व्हॅक्यूम स्विचच्या दोन्ही वायरी स्विचवरून काढून, मध्ये तांब्याचा तुकडा घालून, एकमेकींना जोडलेल्या होत्या. स्विच जागेवर होता, पण कोणत्याच कामाचा उरला नव्हता.

हा स्विच काय करतो, ते प्रत्येकाने समजून घ्यायला हवे. धूर ओढणाऱ्या पंख्यामुळे स्टोव्हच्या आत हवेचा दाब थोडा कमी राहतो. दार उघडे राहिले, धुराडे तुंबले किंवा पंखा थांबला तर तो फरक नाहीसा होतो. मग हा स्विच ऑगर बंद करतो आणि जळण पडायचे थांबते. तो नसेल तर तुंबलेल्या स्टोव्हमध्ये पेलेट पडतच राहतात, आणि धूर व कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.

कारणही लवकरच सापडले. धुराचा मार्ग राखेने इतका भरला होता की बोट घालायला जागा नव्हती. स्विच आपले काम करत होता, स्टोव्ह सारखा बंद पाडत होता. राख काढायच्या ऐवजी कोणीतरी स्विचच गप्प केला होता. आम्ही मार्ग साफ केला, स्विचची रबरी नळी मोकळी केली आणि दोन्ही वायरी जागेवर बसवल्या. ही नळी फुंकून साफ करायची असेल तर आधी स्विचवरून काढावी, नाहीतर फुंकरीने आतला पडदा फाटतो.

महाराष्ट्रात वीजकाम शिकलेल्यांसाठी

भारतातल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल वायर फेज आणि काळी न्यूट्रल, हे आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. अमेरिकेत काळी वायर फेज असते, पांढरी न्यूट्रल आणि हिरवी किंवा उघडी वायर अर्थिंगची. काळ्या वायरीला सवयीने हात लावू नका. झाकण उघडण्याआधी प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवा. स्विच बंद असणे पुरेसे नाही. वीज चालू ठेवून करायची कोणतीही चाचणी जाणकारावर सोपवा.

घेण्याआधी आणि पेटवण्याआधी

शक्य असेल तर स्टोव्ह धुराड्याला जोडलेला असतानाच, जळताना पाहा. मागे किंवा पेटीच्या झाकणाखाली चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेलचे नाव असते. त्याचे सुटे भाग अजून मिळतात का, हे पैसे देण्याआधी शोधा. पेटीत जुने पेलेट राहिले असतील तर दमटपणाने त्यांचा भुसा होऊन ऑगर घट्ट अडकलेला असू शकतो. दाराच्या कडेत कागद धरून दार लावा. तो सहज निघून आला तर दोरीची सीलपट्टी बदलायला झाली आहे.

फ्यूज मोठ्या अँपिअरचा घालू नका. वीज गळली की पुरवठा तोडणारे सॉकेटचे जीएफसीआय संरक्षण पुन्हा पुन्हा उडत असेल तर सॉकेट बदलण्याआधी इग्नायटर तपासा. चिकटपट्टीची प्रत्येक गाठ सोडवून पाहा. राख पूर्ण थंड झाल्यावर, राखेसाठीच बनवलेल्या व्हॅक्यूमने काढा. गावच्या अग्निशमन विभागाची परवानगी लागते का आणि विमा कंपनीला कळवावे लागते का, हे विचारून घ्या. झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असायलाच हवा.

वीज गेली की हा स्टोव्हही थांबतो, याचीही सोय आधीच करा. डिसेंबर २००८ च्या बर्फवादळात न्यू हॅम्पशायरमध्ये चार लाखांहून अधिक ग्राहक अंधारात होते, काही जण दोन आठवड्यांपर्यंत. बॅकअप घ्यायचा तर शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्या. स्वस्त इन्व्हर्टरवर स्टोव्हच्या मोटरी आणि बोर्ड बिघडू शकतात.

दुरुस्तीनंतरची खरी परीक्षा दिवे लागण्याची नसते. जाणकाराला बोलावून, सुरक्षेचा प्रत्येक स्विच वेळेला स्टोव्ह बंद करतो ना, हे त्याच्याकडून तपासून घ्या. आम्ही ते झाल्यावरच पहिल्यांदा स्टोव्ह पेटवला. आणि स्टोव्ह विकणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. कोणताही स्विच वगळून जोडणी केलेली असेल तर ती आधी पूर्ववत करा. ते जमत नसेल तर घेणाऱ्याला कागदावर लिहून द्या. किंमत थोडी कमी मिळेल, पण त्या स्टोव्हसमोर उद्या दुसऱ्या कुणाची तरी मुले झोपणार आहेत.