कोळशाची खाण आणि कोकच्या भट्ट्या

लोहारकाकांच्या भात्याजवळ आपण सगळेच उभे राहतो. कोळशावर फाळ कसा लालभडक होतो! पण कारखान्यात दगडातून लोखंड काढायचे तर नुसता दगडी कोळसा चालत नाही. त्याला कोक लागतो.

कोक करताना दगडी कोळसा बंद भट्टीत भरतात. आत हवा जाऊ देत नाहीत, कारण हवा गेली तर कोळसा जळून राखच होईल. भट्टी १००० अंशांच्या वर तापवतात. मग कोळशातला गॅस आणि डांबर निघून जाते. उरतो तो कोक. तो करडा, टणक आणि भोकाभोकांचा असतो. लाल झालेला कोक बाहेर ढकलतात आणि वरून पाणी सोडतात. केवढी वाफ होत असेल! गॅस आणि डांबरही वाया घालवत नाहीत.

असे काम जिथे फार मोठे चाले ती जागा जर्मनी देशात एसेन शहरात आहे. तिचे नाव त्सोलफेराइन. म्हणताना जीभ अडखळते. त्याचा अर्थ जकातसंघ. १८३४ साली तिकडच्या राज्यांनी आपसातली जकात काढायला संघ केला होता, त्याचेच नाव खाणीला दिले. खाणीचे काम १८४७ साली सुरू झाले. १९३२ साली तिथली बारा नंबरची विहीर सुरू झाली. पाण्याची नव्हे बरं का, कोळसा वर काढायची! तिच्यावरचा लोखंडी मनोरा ५५ मीटर उंच आहे. तिच्यातून दिवसाला १२,००० टन कोळसा निघे. एका बैलगाडीत एक टन धरला तर रोजच्या १२,००० गाड्या झाल्या.

१९६१ साली शेजारी कोकच्या भट्ट्या पेटल्या. पुढे त्या ३०४ झाल्या.

खाण १९८६ साली बंद पडली आणि भट्ट्या १९९३ साली. भट्ट्या चीनला विकायचे चालले होते, ते जमले नाही. मग त्या पाडायची वेळ आली. पण शेवटी राखल्या. २००१ साली युनेस्कोने खाण आणि भट्ट्या जागतिक वारशात घेतल्या.

आधी मला वाटले, काळाकुट्ट कारखाना कशाला ठेवायचा? पण राजांचे किल्ले आपण ठेवतोच ना, मग कामगारांची जागा का नको? खाणीतल्या धुळीने कामगारांची फुप्फुसे खराब होत, हेसुद्धा लोकांना कळायला हवे.

कोळसा धुवायच्या इमारतीत २०१० पासून संग्रहालय आहे. आणि गंमत म्हणजे भट्ट्या थंड झाल्यावर त्यांच्या कडेला हिवाळ्यात १५० मीटर लांब बर्फ गोठवला, आणि जिथे विस्तव धगधगत होता तिथे पोरे बर्फावरून घसरू लागली!

– इयत्ता ४ थी