साखर काठावर आली तर

बाळा, रिपोर्टमध्ये ‘प्रीडायबेटिस’ लिहून आलं म्हणून हातपाय गाळून बसू नकोस. आणि फाइल कपाटात टाकून मोकळाही होऊ नकोस. मधुमेह अजून झालेला नाही. तो थोपवायचे दिवस हेच. म्हणून सांगते ते ऐक.

आकडे समजून घे. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ५.७ ते ६.४, म्हणजे काठावर. १२६ किंवा ६.५ पासून पुढे मधुमेह. अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी फसवा येतो. हिमोग्लोबिनचा रिपोर्टही डॉक्टरांपुढे ठेव.

‘मी तर बारीक’ म्हणून निर्धास्त राहू नकोस. हातपाय काटकुळे आणि चरबी पोटाशी, अशी आपल्याकडची ठेवण पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं अभ्यासत आले आहेत. टेप घे नि कंबर मोज. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ८०च्या.

जेवताना आधी कोशिंबीर, मग भाजी-उसळ, भात शेवटी आणि एक मूदच. ज्वारीची झाली तरी भाकरी मोजूनच खा. दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे साखर नुसत्या कपातून! पहिली कात्री तिथे लाव. गूळ, मध ही साखरेचीच भावंडं. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी बशी भरून खायची सवय सोड. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट.

जेवून लगेच आडवा होऊ नकोस. दहा-पंधरा मिनिटं चाल. चालते स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि सात टक्के वजन उतरवायचं, एवढं ध्येय दिलेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. ऐंशी किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साधारण साडेपाच किलो. जमण्यासारखं आहे.

तुझं पथ्याचं ताट वेगळं वाढायला लावू नकोस. सगळ्या घरानं तेच जेवावं. रक्ताचं नातं आहे, धोका भावंडांनाही आहे. शेजाऱ्याची गोळी किंवा कुणी दिलेलं चूर्ण मनानं सुरू करू नकोस.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा कर. आकडा उतरला तरी वर्षाची तपासणी चुकवायची नाही, आणि चालणंही सोडायचं नाही.