सेवा वेळेत सुरू का होत नाही?

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा भट्टीत सोडावयाची हवा आधी विटांच्या उंच स्टोव्हांमध्ये तापवावी लागते. ती वेळेवर न मिळाल्यास भट्टी निर्दोष असूनही काम अडते.

सर्व्हरवरील सेवांचेही असेच आहे. सेवा म्हणजे पडद्याआड अखंड चालणारा संगणकीय कार्यक्रम होय. संगणक सुरू होताना एक नियंत्रक प्रत्येक सेवेस चालना देतो व तिच्या उत्तराची वाट पाहतो. विंडोजमध्ये ही मुदत सामान्यतः ३० सेकंद, तर लिनक्सवरील सिस्टम-डीमध्ये ९० सेकंद असते. मुदतीत उत्तर न आल्यास नियंत्रक सेवा अयशस्वी ठरवितो. यावरून सेवा बिघडली आहे असे सिद्ध होत नाही. उत्तर वेळेत आले नाही, एवढेच कळते.

यास्तव प्रथम संगणकाने ठेवलेली घटनांची नोंद, म्हणजे लॉग, तपासावा. सेवेला लागणारा डेटाबेस अथवा नेटवर्क आधी तयार होते काय? डिस्क मंद आहे काय? अनेक सेवा एकदम सुरू झाल्याने प्रोसेसरवर ताण पडला काय? नंतर तीच सेवा हाताने सुरू करून पाहावी. ती आता सुरळीत चालली, तर दोष बहुधा प्रारंभीच्या क्रमात किंवा गर्दीत असतो. अशा वेळी क्रम ठरवून द्यावा, अथवा त्या सेवेचा प्रारंभ थोडा लांबवावा.

सेवेची पूर्वतयारी मुळातच दीर्घ असेल, तरच मुदत वाढविणे योग्य होय. कारण न शोधता ती वाढविल्यास दोष नाहीसा होत नाही. तो केवळ उशिरा दिसतो.