हर्णै बंदर

प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २८ यांत पौल रोमास जातांना इटलीच्या दक्षिणेकडील पुत्युलास उतरला. तेथें त्यास बंधुजन भेटले व त्यांजपाशीं तो सात दिवस राहिला, असें आपण वाचतों. लहान बंदरांसहि मंडळीच्या इतिहासांत स्थान असतें. आपल्या कोकणांत दापोली तालुक्यांतील हर्णै हें असेंच एक.

सोलापुरच्या भुईकोटास एका अंगास सिद्धेश्वराचें तळें आहे. हर्णैच्या सुवर्णदुर्गास चहूंकडून समुद्राचा वेढा. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा असे तीन लहान किल्ले. सन १७५५ त कमोडोर जेम्स यानें सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यापासून घेतला; पुढें तो पेशव्यांकडे व १८१८ त इंग्रजांकडे गेला.

आम्हांस मात्र दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. सन १८२३ त स्कॉटिश मिशनचें काम जवळच्या बाणकोटास सुरू झालें. पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेल त्याच वर्षीं वारले. तरी काम थांबलें नाहीं. सन १८२९ त जॉन विल्सन व त्यांच्या पत्नी मार्गारेट मुंबईस उतरल्यावर मराठी शिकण्याकरितां हर्णैस येऊन राहिलीं. विल्सनसाहेब मोठे पंडित, पण त्यांसहि आधीं विद्यार्थीच व्हावें लागलें. भवानी पेठेंत तेलुगू विणकरांच्या दारीं जाणाऱ्या आमच्या प्रचारकांनीं हें ध्यानांत घ्यावें. थोड्याच महिन्यांत ते मराठींत उपदेश करूं लागले. मुंबईचें विल्सन कॉलेज त्यांच्याच नांवाचें आहे.

हर्णैस जाणारांनीं कनकदुर्गावरील दीपगृह पाहावें, आणि किनाऱ्यावरचा मासळीचा लिलावहि. तेथील मराठी ऐकण्याजोगी आहे.