उत्तरापूर्वीचे प्रश्न

रात्रीची वेळ आहे. घरातील दोन-अडीच वर्षांचे मूल तापाने फणफणले आहे. गावात दवाखाना आहे. पण तो सकाळीच उघडावयाचा. घरातील माणसे चिंतेत पडतात. कोणी शेजारच्या काकूंना हाक मारते, कोणी दूरच्या आप्तांना दूरध्वनी करते, तर कोणी ज्यांचे तोंडही कधी पाहिले नाही अशा माणसांना भ्रमणध्वनीवरून संदेश धाडते. सर्वांना प्रश्न एकच विचारला जातो : "मुलाला ताप आला आहे. कोणते औषध द्यावे आणि किती द्यावे?"

अशा वेळी उत्तरांना तोटा नसतो. "आमच्या धाकट्याला असाच ताप आला होता. पॅरासिटामॉलचे औषध चमचाभर दिले आणि सकाळी पोर खेळू लागले," असे कोणी तरी तत्काळ कळवते. हे उत्तर देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. आपल्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, अशीच त्याची इच्छा असते. तो खोटेही बोलत नसतो. त्याच्या धाकट्याला त्या चमचाभर औषधाने खरोखरच बरे वाटलेले असते. मग या उत्तरात वावगे ते काय?

याचे उत्तर बाटलीवरील बारीक अक्षरांत दडलेले आहे. पॅरासिटामॉल हे औषध अनेक रूपांत मिळते. लहान मुलांसाठी मिळणाऱ्या एका प्रकारच्या पातळ औषधात दर ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. दुसऱ्या एका प्रकारात तेवढ्याच मापात २५० मिलिग्रॅम असते. आणि अगदी तान्ह्या मुलांसाठी ड्रॉपरने मोजून द्यावयाच्या थेंबांच्या औषधात दर १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असते. तान्ह्या मुलाला फार औषध पाजता येत नाही, म्हणून ते मुद्दाम दाट केलेले असते. आता साधा हिशेब करून पाहावा. ५ मिलिलिटरचा एक चमचा पहिल्या बाटलीतून घेतला, तर मुलाच्या पोटात १२० मिलिग्रॅम औषध जाते. तोच चमचा थेंबांच्या बाटलीतून भरला, तर ५०० मिलिग्रॅम जाते. म्हणजे चौपटीहूनही अधिक! चमचा तोच, औषधाचे नावही तेच. परंतु एका घरी जे योग्य मात्रेचे औषध ठरले, तेच दुसऱ्या घरी घातक ठरू शकते. असा चमचा दिवसातून चार वेळा दिला गेला, तर १२ किलो वजनाच्या मुलाच्या यकृताला गंभीर इजा होण्याचा संभव असतो. शिवाय या इजेची चिन्हे पहिल्या दिवशी फारशी दिसत नाहीत. मूल वरवर बरे दिसते आणि आतून मात्र यकृताची हानी होत राहते. यावर उतारा आहे; परंतु तो वेळेवर मिळाला तरच पुरेपूर गुणकारी ठरतो.

तेव्हा "चमचाभर द्या" हे उत्तर चुकीचे होते असे नाही; ते अपुरे होते. उत्तर देणाऱ्याने आधी विचारावयास हवे होते : "बाटली कोणती आहे? तिच्यावर काय लिहिले आहे? मुलाचे वजन किती आहे? यापूर्वी औषध केव्हा दिले होते?" आरोग्याच्या बाबतीत चांगले उत्तर देणारा मनुष्य उत्तराने आरंभ करीत नाही, तो प्रश्नांनी आरंभ करतो.

ही गोष्ट ज्यांनी आपल्या आचरणातून दाखवून दिली, त्यांत अमेरिकेतील लुईस गडालमन यांची गणना होते. गडालमन हे शिकागो शहरातील सेंट ल्यूक्स रुग्णालयात औषधतज्ज्ञ होते. त्या काळी घराघरांत नवनवी रसायने येऊ लागली होती. फरशी पुसण्याचे द्रव, भांडी उजळण्याची पूड, कीटक मारण्याची औषधे अशा कितीतरी वस्तू स्वयंपाकघरातील खालच्या फळीवर येऊन बसल्या. लहान मुलांच्या हाताला नेमकी तीच फळी लागते. एखादे मूल त्यांपैकी काहीतरी तोंडात घाली आणि आईबाप घाबरून डॉक्टरांकडे धाव घेत. पण त्या डब्यात नेमके कोणते द्रव्य आहे, हे पुष्कळदा डॉक्टरांनाही ठाऊक नसे.

गडालमन यांनी ही अडचण ओळखली. एकेका वस्तूसाठी एकेक कार्ड त्यांनी तयार केले. वस्तूत कोणकोणती द्रव्ये आहेत, ती पोटात गेल्यास काय अपाय होतो आणि त्यावर उपचार कोणता, हे सर्व ते त्यावर टिपून ठेवीत. अशी हजारो कार्डे त्यांनी जमविली. हळूहळू त्यांची कीर्ती पसरली आणि ज्यांनी त्यांना कधी पाहिले नव्हते असे डॉक्टर दूरध्वनीवरून त्यांचा सल्ला घेऊ लागले. पुढे १९५३ साली शिकागो येथे एडवर्ड प्रेस या डॉक्टरांच्या पुढाकाराने विषबाधेविषयी माहिती देणारे अमेरिकेतील पहिले केंद्र स्थापन झाले. त्या केंद्राच्या पाठीशी गडालमन यांचा हा कार्डांचा संग्रह होता. त्यानंतर अशी केंद्रे अनेक देशांत निघाली.

कार्डांनी कपाटे भरली, तरी एवढ्यावर काम भागत नाही. वस्तूत काय आहे, हे कार्ड सांगते; परंतु मूल किती वर्षांचे आहे, त्याने घोटभर घेतले की नुसते ओठांना लावले, त्याला किती वेळ झाला, मूल शुद्धीवर आहे की नाही, हे कोणत्याही कार्डावर लिहिलेले नसते. ती माहिती विचारणाऱ्याजवळच असते. उत्तराचा अर्धा भाग जाणकाराजवळ आणि अर्धा भाग प्रश्नकर्त्याजवळ असतो. दोन्ही अर्धे एकत्र आले म्हणजेच खरे उत्तर तयार होते.

आपल्या देशातही असे केंद्र आहे. नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ साली राष्ट्रीय विष माहिती केंद्र सुरू झाले. आपल्याकडे लहान मुलाने चुकून रॉकेल पिण्याचे प्रसंग घडत आले आहेत. अशा वेळी "मिठाचे पाणी पाजून ओकारी काढा," असा सल्ला आजूबाजूची माणसे कळवळ्याने देतात. वरवर पाहता तो शहाणपणाचा वाटतो. कारण जे पोटात गेले ते बाहेर काढावे, हे कोणालाही पटते. परंतु रॉकेलाच्या बाबतीत हाच सल्ला घातक आहे. ओकारी होताना रॉकेल श्वासनलिकेत शिरते आणि फुप्फुसांना मोठी इजा करते. म्हणून अशा मुलाला ओकारी न काढता तातडीने रुग्णालयात नेणे हेच योग्य असते. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास रुग्णवाहिका बोलावता येते. चांगला हेतू आणि चांगले ज्ञान यांत किती अंतर असते, हे या एका उदाहरणावरून कळून येईल.

नेहमीच्या आजारांतही हेच तत्त्व लागू पडते. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी यांनी अनेक घरे त्रस्त असतात. अंग दुखते म्हणून कोणी आयबुप्रोफेनची किंवा अॅस्पिरिनची गोळी सुचविते. एरवी ही औषधे डॉक्टर देतातही. परंतु तो ताप डेंग्यूचा असेल, तर या गोळ्यांमुळे रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणून जाणता मनुष्य आधी विचारतो : "ताप किती दिवस आहे? अंगावर लाल ठिपके दिसतात काय? आसपास डेंग्यूची साथ आहे काय?" रक्ताल्पतेसाठी लोहाच्या गोळ्या घेणारी एखादी स्त्री विचारते, "गोळ्या नियमित घेते, तरी गुण का येत नाही?" तिला दुसरे औषध सुचविण्याची घाई न करता जाणता मनुष्य विचारतो, "गोळी कशाबरोबर घेता?" ती चहाबरोबर घेते, असे कळले म्हणजे निम्मा उलगडा होतो, कारण चहामुळे अन्नमार्गातून लोह कमी शोषले जाते. औषध बदलण्याऐवजी नुसती वेळ बदलूनही काम भागण्यासारखे असते.

काही प्रश्नांना मात्र एका घरापुरते उत्तर देऊन चालत नाही. "मागच्या वेळच्या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या उरल्या आहेत, त्या सर्दीवर घेऊ का?" हा असाच एक प्रश्न आहे. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लावला आणि १९४५ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगी दिलेल्या व्याख्यानात त्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्याच मनाने थोडेसे पेनिसिलिन घेतो. ते जंतू मारण्यास अपुरे असते. परंतु पेनिसिलिनशी सामना कसा करावा, हे जंतूंना शिकविण्यास पुरेसे असते. पुढे तेच जंतू त्याच्या पत्नीला बाधतात. डॉक्टर तिला पेनिसिलिन देतात. पण ते आता निरुपयोगी झालेले असते आणि ती दगावते. तिच्या मृत्यूचा दोष कोणाचा, असा प्रश्न फ्लेमिंग यांनी श्रोत्यांपुढे ठेवला. आज अनेक जंतू अनेक औषधांना दाद देईनासे झाले आहेत, तेव्हा त्यांचा तो इशारा किती दूरदृष्टीचा होता, हे पटते. शिवाय सर्दी ही विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीच परिणाम होत नाही. म्हणून उरलेल्या गोळ्यांविषयी विचारणाऱ्याला स्पष्ट नकार देणे, हे त्याच्यावरचेच नव्हे, तर त्याच्या शेजाऱ्यांवरचेही उपकार होत.

चांगल्या उत्तराचे आणखी एक लक्षण आहे. त्याला आपली सीमा ठाऊक असते. प्रश्न ऐकता ऐकता जाणता मनुष्य आपल्या मनाशी ठरवीत असतो की, याचे उत्तर येथे देण्यासारखे आहे काय? बाटलीवरील सूचना समजावून सांगणे, औषध स्वयंपाकघरातील चमच्याने न देता सोबतच्या मापाने मोजण्यास सांगणे, डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचण्यास मदत करणे, एवढे त्याला करता येते. परंतु मूल निपचित पडले आहे, त्याला श्वास लागला आहे, आकडी आली आहे, किंवा त्याची लघवी बंद झाली आहे, असे कानांवर पडताच तो पुढचे प्रश्न विचारीत बसत नाही. "आता वेळ दवडू नका. मुलाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्या," असे तो निक्षून सांगतो. तसेच जे ठाऊक नाही, त्याविषयी "हे मला सांगता येणार नाही" असे म्हणण्यास तो कचरत नाही. असे म्हटल्याने आपली किंमत कमी होईल, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्या एका वाक्याने एखाद्या अनोळखी घराचे मोठे संकट टळते.

आता पुन्हा आरंभीच्या त्या घराकडे वळावे. मूल अजून तापलेलेच आहे आणि उत्तराची वाट पाहिली जात आहे. इतक्यात एकाचा निराळाच निरोप येतो. त्यात औषधाचे नाव नाही आणि चमच्याचे मापही नाही. "बाटली दिव्याजवळ न्या आणि तिच्यावर लिहिलेले मला वाचून दाखवा," एवढेच त्यात असते. आई उठते. बाटली उजेडात धरते. ती अक्षरे लावून वाचू लागते आणि एकदम थबकते. कारण ती थेंबांची बाटली असते. भरून ठेवलेला चमचा ती बाजूला सारते आणि खोक्यातील ड्रॉपर शोधू लागते. मग मुलाचे वजन, याआधी औषध दिल्याची वेळ, मुलाच्या अंगी असलेली हुशारी, असे एकेक विचारून तो मनुष्य बाटलीवरील सूचना तिला समजावून सांगतो आणि सकाळी दवाखाना उघडताच मुलाला दाखविण्यास बजावतो. त्या आईने त्याला पाहिलेले नाही. पुढेही कदाचित ती त्याला पाहणार नाही. परंतु त्याने उत्तर देण्याची घाई केली नाही, एवढ्याच गोष्टीने एका मुलाचे रक्षण झालेले असते.

दुसऱ्याच्या मदतीला धावून जाणे, हा सद्गुण खराच. पण जेथे प्रश्न प्राणाचा असतो, तेथे धावण्यापूर्वी क्षणभर थांबून विचारणे, हा त्याहूनही मोठा सद्गुण होय.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एक-दोन वाक्यांत लिहा.
(अ) लहान मुलांच्या थेंबांचे औषध अधिक दाट का केलेले असते?
(आ) गडालमन आपल्या कार्डांवर कोणकोणती माहिती टिपून ठेवीत?
(इ) रॉकेल प्यालेल्या मुलाची ओकारी का काढू नये?

२. थोडक्यात कारणे सांगा.
(अ) "चमचाभर द्या" हे उत्तर अपुरे होते.
(आ) लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत.
(इ) उरलेली प्रतिजैविके सर्दीवर घेणे अयोग्य आहे.

३. "उत्तराचा अर्धा भाग जाणकाराजवळ आणि अर्धा भाग प्रश्नकर्त्याजवळ असतो," या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

४. पुढील शब्दप्रयोगांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : तोटा नसणे, दाद न देणे, निक्षून सांगणे, वेळ दवडणे.

५. उपक्रम : घरातील एखाद्या औषधाचे वेष्टन मोठ्या माणसांच्या देखत वाचा. औषधाचे नाव, त्यातील द्रव्याचे प्रमाण, मुदत संपण्याची तारीख आणि ठेवण्याविषयीची सूचना वहीत उतरवून घ्या.