छायाचित्र दुरूनच काढावे

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके उसाच्या, कालव्यांच्या आणि साखर कारखान्यांच्या नावाने सर्वत्र ओळखले जातात, आणि ते यथार्थच आहे. परंतु आगगाडीच्या इतिहासातही या मुलुखाला मानाचे स्थान आहे, याची जाणीव येथल्या रहिवाशांनाही क्वचितच असते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुण्याहून पूर्वेकडे निघालेला लोहमार्ग १५ डिसेंबर १८५८ रोजी ज्या डिकसळापर्यंत सुरू झाला, ते डिकसळ इंदापूर तालुक्यातले. आणि १९१४ साली अडीच फूट मापाच्या रुळांवरून दौंडहून बारामतीस जी धाकटी गाडी येऊ लागली, तिच्या शिटीवर या गावाच्या दोन-तीन पिढ्यांची घड्याळे लागत असत. माझे बाळपण त्या शिटीच्या ऐकण्यात गेले. गुळाच्या ढेपा, लग्नाची वऱ्हाडे, पुण्यास शिकावयास निघालेली पोरे आणि त्यांना निरोप देणाऱ्या आया, हे सर्व त्या गाडीने वाहिले. आणि तिच्या काळ्याभोर इंजिनाच्या नळीतून निघणाऱ्या धुराचे जे आकर्षण त्या वयात जडले, ते पुढे मार्ग रुंदमापी झाला, धूर गेला, डिझेल आले आणि आता विजेच्या ताराही आल्या, तरी ओसरलेले नाही. हातात कॅमेरा आला तो याच ओढीपायी.

या नादात आयुष्याचा मोठा भाग गेल्यावर आज जे सांगावेसे वाटते ते छायाचित्रणाच्या कौशल्याविषयी कमी आणि जीव सांभाळण्याविषयी अधिक आहे; कारण अलीकडे जुनी वाफेची इंजिने डागडुजी होऊन पुन्हा रुळांवर येऊ लागली आहेत, पर्यटकांच्या विशेष गाड्या देशभर फिरू लागल्या आहेत, आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असल्यामुळे अशी गाडी येणार म्हटले की तिच्या वाटेवर माणसांची दाटी होते. १८५५ साली लीड्स येथे बांधलेले आणि १९०९ मध्ये निवृत्त झालेले ‘फेअरी क्वीन’ १९९७ साली पुनश्च धावू लागले तेव्हा त्याचे दर्शन घेणाऱ्यांजवळ कॅमेरे मोजकेच होते. आज रेवाडीच्या १८९३ सालच्या शेडमधून एखादे इंजिन बाहेर पडले किंवा नेरळच्या आवारात वाफेचे इंजिन पेटवले गेले, तर बातमी पसरण्यास घटकाही लागत नाही.

दाटी ही स्वतः अपायकारक नव्हे. अपाय येतो तो विस्मृतीतून. नेहमीची पॅसेंजर गाडी येताना जो मनुष्य सहजच चार पावले मागे सरतो, तोच मनुष्य नटूनथटून आलेले जुने इंजिन दिसताच पुढे सरकतो, कारण त्याच्या मनात त्या क्षणी ते वाहन राहत नाही, उत्सवमूर्ती होते. पालखीपुढे जसे आपण नमस्कारासाठी वाकतो, तसे लोक इंजिनापुढे छायाचित्रासाठी वाकतात. आणि पालखी थांबते, इंजिन थांबत नाही.

जून २०२४ मध्ये मेक्सिको देशाच्या हिदाल्गो प्रांतात घडलेली दुर्घटना मी प्रत्येक तरुण छायाचित्रकाराला आवर्जून सांगतो. कॅनडातले १९३० साली बांधलेले २८१६ क्रमांकाचे वाफेचे इंजिन, ज्यास तिकडे ‘द एम्प्रेस’ म्हणतात, कॅलगरीहून निघून अमेरिकेतून मेक्सिको शहरापर्यंतच्या दौऱ्यावर होते. वाटेत जागोजागी माणसे मुलाबाळांसह रुळांच्या कडेला जमत होती. त्या गर्दीतली एक तरुण स्त्री मोबाइलमध्ये स्वतःसह इंजिनाची छबी टिपण्यासाठी रुळालगत गुडघ्यांवर बसली, आणि जाणाऱ्या इंजिनाचा आघात तिच्या डोक्याला होऊन ती जागच्या जागी गतप्राण झाली. ती रुळांवर नव्हती, रुळांच्या बाजूला होती. आणि नेमकी हीच गोष्ट समजून घेण्याजोगी आहे.

आपल्या रुंदमापी मार्गावर दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट असते. परंतु त्यावरून धावणारा डबा सव्वातीन मीटर रुंद असतो. याचा अर्थ असा की प्रत्येक बाजूस सव्वादोन फुटांहून अधिक भाग रुळाच्या बाहेर, हवेत अधांतरी, येत असतो. आणि त्यातही पायऱ्या, उघडी दारे, मालगाडीवरून सुटलेले ताडपत्रीचे दोर यांचा हिशेब धरलेला नाही. वाफेच्या इंजिनाची गोष्ट आणखी निराळी, कारण त्याचे सिलिंडर आणि चाकांना जोडणारे दांडे बाहेरच्या अंगास असतात, आणि गाडी सुटताना सिलिंडरातले पाणी काढून टाकण्यासाठी जी वाफ सोडतात ती बाजूस, मनुष्याच्या पायांच्या उंचीवर, जोराने फेकली जाते. रुळापासून हातभर दूर उभा असलेला मनुष्य स्वतःला सुरक्षित समजतो तो केवळ रुळाकडे पाहून. त्याने डब्याकडे पाहिले पाहिजे. याला मोबाइलचे भिंगही हातभार लावते. ते विशालकोनी असते, त्यामुळे पडद्यावर इंजिन प्रत्यक्षापेक्षा लहान आणि दूर दिसते, आणि पाठमोरे उभे राहून पडद्यात पाहणाऱ्यास ते दूर आहे असे वाटत असतानाच ते पाठीशी येऊन ठेपलेले असते.

आता आमच्या भागातला प्रसंग. उजनी धरणाचे पाणी पसरले तेव्हा इकडचा जुना लोहमार्ग पाण्याखाली गेला आणि भिगवणपुढे नवीन मार्ग बांधावा लागला. जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे या बाजूने जाणारा हा मार्ग आता दुहेरी झाला आहे. हिवाळ्यात जलाशयावर रोहित पक्षी उतरतात, आणि मागे पाणी, पुढे गाडी, असा देखावा मिळावा म्हणून पुण्याहून छायाचित्रकार येतात. २०२१ साली रेल्वेने ‘भारत गौरव’ या नावाने पर्यटनाच्या विशेष गाड्यांची योजना सुरू केली, तेव्हापासून रंगीबेरंगी डब्यांच्या अशा गाड्याही अधूनमधून दिसतात. अशीच एक गाडी दक्षिणेकडून परतत असल्याचे कळल्यावरून मी गेलो होतो, आणि बारामतीच्या महाविद्यालयात शिकणारा, मला काका म्हणणारा एक गुणी मुलगा सोबत होता. आम्ही बांधावर जागा धरली होती. गाडी लांबून दिसू लागली तसा तो, मी हाक मारीपर्यंत, उतारावरून धावत जाऊन मोकळ्या दिसणाऱ्या दुसऱ्या मार्गावर उभा राहिला, डोळा कॅमेऱ्याला लावून. त्याच सुमारास त्याच्या पाठीमागून, त्याच मार्गावर, पुण्याकडून एक वेगवान गाडी येत होती. विजेच्या इंजिनाचा आवाज समोरून फार थोडा ऐकू येतो. वारा उलट होता. आणि समोरच्या गाडीचा खडखडाट तो उरलासुरला आवाजही गिळून टाकीत होता. पलीकडे रूळ तपासत चालणारा चावीवाला होता. त्याने हातातले लाल निशाण उलगडले आणि “अय पोरा, मागं बघ, मागं! खाली उतर!” अशी जी आरोळी ठोकली ती मला आजही ऐकू येते. मुलगा खडीवरून गडगडत खाली आला, त्याचा गुडघा फुटला, आणि त्यानंतर किती थोड्या वेळाने ती गाडी त्या जागेवरून गेली हे सांगताना माझा आवाज अजूनही स्थिर राहत नाही. चावीवाला जवळ आला, त्याने मुलाला पाणी पाजले, आणि एवढेच म्हणाला, “आम्ही रोज हितंच चालतो, पन कान कुनाला देत न्हाई.”

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात तीस मीटर अंतर कापते, म्हणजे तीनशे मीटरवर दिसलेली गाडी दहा सेकंदांत अंगावर असते. आणि चालकाने तुम्हाला पाहताक्षणीच ब्रेक लावले तरी एवढ्या अंतरात ती थांबणे शक्य नसते. कॅमेऱ्यात पाहणाऱ्या मनुष्याचे डोळे एका गाडीने व्यापलेले असतात आणि कानही त्याच गाडीने व्यापलेले असतात. वाफेचे इंजिन असेल तर हे दुपटीने खरे, कारण त्याच्या फुसकाऱ्यांपुढे शेजारच्या मार्गावरचे दुसरे काहीही ऐकू येत नाही. १९ ऑक्टोबर २०१८ रोजी अमृतसर येथे रावणदहन पाहत रुळांवर उभ्या असलेल्या जमावावर गाडी येऊन सुमारे साठ माणसे गेली. फटाक्यांच्या आवाजात गाडी ऐकू आली नव्हती, आणि कित्येकांचे हात मोबाइल धरून वर उचललेले होते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की गाडीची वाट पाहण्याची जागा रेल्वेच्या हद्दीबाहेर, कुंपण असेल तर कुंपणाच्या पलीकडे, शेताच्या बांधावर किंवा सार्वजनिक रस्त्यावर निवडावी, आणि एकदा निवडलेली जागा गाडी दिसू लागल्यावर बदलू नये. हा नियम केवळ भित्र्यांसाठी आहे असे ज्यांना वाटते त्यांना मी छायाचित्राच्याच भाषेत समजावतो. दोनशे मिलिमीटरचे भिंग मोठ्या चौकटीच्या कॅमेऱ्यावर लावले तर शंभर मीटरवरून सुमारे अठरा मीटर रुंदीचा देखावा मिळतो; त्यात इंजिन संपूर्ण मावते आणि त्याच्या भोवतीचा ऊस, पाणी, आकाशही मावते. जवळून काढलेल्या चित्रात इंजिनाचे नाक तेवढे फुगलेले येते आणि मुलूख नाहीसा होतो. धूर पाहावयाचा असेल तर दूर आणि उंचावर उभे राहण्यास पर्यायच नाही. वाफ पांढरीशुभ्र दिसते ती थंड सकाळी, कारण गार हवेत ती लवकर घनीभूत होते. चैत्रातल्या दुपारी तीच वाफ निघते आणि दिसत नाही. चढावर इंजिन श्रम करते तेव्हा धूर भरघोस येतो, उतारावर ते नुसते घरंगळते. वाऱ्याची दिशा आधी पाहून ठेवावी, नाहीतर सगळा धूर तुमच्या आणि गाडीच्या मध्ये पसरतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने, ढोबळमानाने पूर्व-पश्चिम जाणाऱ्या भिगवणच्या मार्गावर दक्षिणेच्या अंगास उभे राहिल्यास काळ्या इंजिनाच्या कुशीवर ऊन पडते आणि चाके, दांडे, खिळे स्पष्ट होतात. हे सारे साधते ते तास-दोन तास आधी जाऊन, शांत चित्ताने जागा पाहिल्याने. धावत रुळांवर गेल्याने यातले काहीही साधत नाही.

विजेच्या तारांविषयी थोडक्यात सांगतो. मार्गावरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो, आणि तिला प्रत्यक्ष स्पर्श न होताही केवळ जवळ गेल्याने जीव जातो. म्हणून उभ्या मालडब्यावर चढणे, पादचारी पुलावरून सेल्फीची काठी किंवा तिपाई बाहेर काढणे, हे कोणत्याही परिस्थितीत करू नये. कायद्याचे म्हणाल तर १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ अन्वये रेल्वेच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. व्यावसायिक चित्रीकरण करावयाचे असेल तर रेल्वेच्या जनसंपर्क कार्यालयाकडे रीतसर अर्ज करून परवानगी घ्यावी. मनाईची भीती घालण्यासाठी हे लिहीत नाही. इंग्लंडात ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे विख्यात इंजिन दहा वर्षांच्या दुरुस्तीनंतर २५ फेब्रुवारी २०१६ रोजी लंडनहून यॉर्ककडे निघाले, तेव्हा रुळांवर शिरलेल्या छायाचित्रकारांमुळे ते वाटेत अडले. अशा वर्तनाने उद्या या गाड्यांचे दौरेच बंद झाले तर त्यात सर्वांत मोठी हानी आपल्यासारख्या प्रेमिकांचीच आहे.

इंदापूर तालुक्यात येणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात धराव्यात. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरते तेव्हा उघडी पडलेली जमीन वरून वाळलेली आणि आतून गाळाची असते. तीवर चालून मार्गाच्या जवळ जाऊ पाहणाऱ्याचा पाय गुडघाभर रुततो आणि एकट्याने निघत नाही. पाण्यातून गाडीचे चित्र घ्यावे म्हणून नाव करणाऱ्यांनी जीवरक्षक जाकीट अंगावर चढवल्याशिवाय पाऊल टाकू नये. मे २०२४ मध्ये कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात नाव उलटून सहा जण बुडाले, ते याच जलाशयात. डिकसळचा जुना दगडी पूल, ज्यावरून एके काळी वाफेची इंजिने सोलापूरकडे गेली, तो चित्रासाठी मोहक आहे खरा. पण तो जीर्ण झाला आहे, आणि त्याच्या कठड्यावर वा कमानीवर चढण्याचा मोह आवरून तो काठावरूनच पाहावा. उसाच्या फडात शिरण्यापूर्वी शेतकऱ्यास विचारावे. आमच्याकडे नाही कोणी म्हणत नाही, उलट कोणत्या बांधावर साप आहे तेही सांगतात.

तो मुलगा पुढे चांगला छायाचित्रकार झाला. त्याची चित्रे दुरून काढलेली असतात, आणि मला ती माझ्या चित्रांहून सरस वाटतात. ज्या शिक्षकांच्या, पालकांच्या वाचनात हा लेख येईल त्यांना माझी विनंती आहे की मुलांना जुने इंजिन, फिरती प्रदर्शनाची गाडी, काहीही दाखवावयास नेण्यापूर्वी जवळच्या स्टेशन मास्तरांस आदल्या दिवशी भेटावे, गाडी किती वाजता आणि कोणत्या मार्गाने जाणार हे विचारून घ्यावे, आणि गाडी येताना एका मोठ्या माणसाने कॅमेरा हातात न घेता फक्त मुलांकडे आणि दुसऱ्या रुळाकडे पाहत उभे राहावे. रुळांवर कोणी धोक्यात दिसल्यास रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आहे.