‘त्यांच्यापुढे तो विषय नको!’

निवृत्त फौजीच्या घरातली मंडळी दवाखान्यात आली की दोन वाक्यं हमखास बोलतात. पहिलं असतं, ‘डॉक्टर, यांना झोपेची एखादी गोळी लिहून द्या.’ दुसरं वाक्य आवाज खाली आणून येतं, ‘पण त्यांच्यापुढे तो विषय काढू नका.’ तो विषय कधी कारगिलचा असतो, कधी श्रीलंकेतल्या शांतिसेनेचा, तर कधी काश्मिरातल्या एका रात्रीचा, जिच्याबद्दल पेपरात चार ओळीही आल्या नव्हत्या. घरात सगळ्यांनी न बोलता एक करार केलेला असतो. टीव्हीवर चकमकीची बातमी लागली की चॅनेल बदलायचं, फटाके गल्लीच्या पार टोकाला उडवायचे आणि त्या वर्षीचे फोटो पेटीच्या तळाशी ठेवायचे. हे सगळं मायेपोटी चालतं, याबद्दल शंका नाही. पण हा आजार वर्षानुवर्षं टिकवून ठेवायचा म्हटलं, तर याहून चांगला बंदोबस्त डॉक्टरलाही सुचणार नाही.

या आजाराला मराठीत ‘आघातोत्तर ताण विकार’ असं भारदस्त नाव आहे. आपण ‘पीटीएसडी’च म्हणू. तो ओळखायला पुस्तक लागत नाही, घरात डोळे उघडे ठेवले तरी पुरे. माणूस झोपेत ओरडतो, हातपाय झाडतो, घामाघूम होऊन उठतो. कुकरची शिट्टी किंवा ट्रकच्या टायरचा आवाज झाला की सगळं अंग ताठ होतं. हॉटेलात बसायचं तर भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड. गावची जत्रा नको, लग्नाचा मांडव नको, जुन्या पलटणीतल्या मित्राचा फोनही नको. आणि बायकोला सर्वांत जास्त लागणारी गोष्ट म्हणजे माया आटल्यासारखी वाटते. नातू मांडीवर येऊन बसला तरी चेहऱ्यावर काही हलत नाही, उलट क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावलं जातं. अशी लक्षणं महिन्याहून अधिक टिकली आणि त्यापायी घर किंवा नोकरी विस्कटायला लागली, तर तो स्वभाव समजू नका. ‘मेजर पहिल्यापासून तापटच’ असं म्हणून गाव मोकळं होतं (आपल्याकडे शिपायापासून सुभेदारापर्यंत सगळे ‘मेजर’च असतात). पहिल्यापासून, म्हणजे कधीपासून? भरती होण्याआधी ते असे होते का, हा प्रश्न आईला किंवा थोरल्या भावाला विचारा. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही हो, फार हसरा होता’ असंच येतं. काही जण मात्र यातलं काहीच सांगत नाहीत. ते छातीतली धडधड, डोकेदुखी आणि ॲसिडिटी घेऊन फिरतात, त्यांचे चार ईसीजी नॉर्मल येतात आणि पाचवा काढायची तयारी चाललेली असते.

घरच्यांचा युक्तिवाद साधा असतो: काळ हे औषध आहे, विषय काढला नाही तर हळूहळू विसर पडेल. बऱ्याच जणांच्या बाबतीत हे खरंही आहे. मोठ्या आघातानंतर पहिले काही आठवडे अनेकांची झोप उडते, आणि बहुसंख्य माणसं आपसूक सावरतात. प्रश्न उरतो तो न सावरलेल्यांचा. त्यांच्याबाबत काळ काय करतो, हे व्हिएतनाममध्ये लढलेल्या अमेरिकन सैनिकांनी दाखवून दिलं आहे. पीटीएसडी हे निदान १९८० साली अधिकृत झालं, त्यामागेही मुख्यतः त्यांचाच रेटा होता. त्या दशकाच्या उत्तरार्धात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत तिथे लढून आलेल्या पुरुषांपैकी सुमारे १५ टक्के लोकांना तेव्हाही हा आजार असल्याचं दिसलं. आकडा फुगवलाय, अशी ओरड झाली. मग २००६ साली कडक निकष लावून फेरतपासणी झाली आणि तो सुमारे ९ टक्क्यांवर आला. म्हणजे संशय घेणाऱ्यांचं सगळं मान्य केलं, तरी युद्ध संपून दहा-बारा वर्षं झाल्यावर दर अकरा जणांत एक आजारी होताच. त्याच लोकांचा माग काढणारा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. युद्धाला चाळीस वर्षं उलटूनही सुमारे २ लाख ७१ हजार माजी सैनिकांमध्ये हा आजार पूर्ण किंवा आंशिक स्वरूपात शिल्लक असल्याचा अंदाज त्यात आहे. चाळीस वर्षांत जे औषध लागू पडलं नाही, त्याची वाट अजून किती बघायची?

काळ इथे का हरतो, याचं उत्तर टाळण्यातच आहे. विहिरीत एकदा गटांगळ्या खाल्लेलं पोर आठवा. त्याला पुढे कधीच विहिरीवर नेलं नाही, तर भीती जाते का? ती तशीच राहते आणि पसरते: आधी विहीर, मग ओढा, मग नुसतं पाणी वाजलं तरी. मेंदूला ‘तो धोका तेव्हाचा होता, आत्ताचा नाही’ हे सांगून पटत नाही, अनुभवानेच पटतं. आठवण आली की लगेच उठून जायचं, रम ओतायची, कामाला जुंपून घ्यायचं, असं दर वेळी केलं तर तो अनुभव येणारच कसा? प्रत्येक वेळी क्षणभर सुटका होते आणि त्या सुटकेनेच भीती पक्की होते. आजवर तपासल्या गेलेल्या उपचारांत सर्वांत भक्कम ठरलेले उपचार म्हणूनच नेमक्या उलट्या दिशेने जातात. एकात माणूस प्रशिक्षित उपचारकासोबत ती आठवण ठरवून, पुन्हापुन्हा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो आणि टाळलेल्या जागी टप्प्याटप्प्याने जायला लागतो. दुसऱ्यात घटनेला चिकटून बसलेले निष्कर्ष तपासले जातात. ‘त्या रात्री ड्यूटी माझी होती, तो माझ्या जागी गेला, म्हणजे मीच त्याला मारलं’ हे वाक्य वीस वर्षं मनात फिरत असतं. ते कागदावर उतरवून, त्या रात्री त्या माणसाला खरोखर काय माहीत होतं आणि काय नव्हतं, याची उलटतपासणी होते. तिसऱ्याला ईएमडीआर म्हणतात. त्यात आठवण मनात धरून नजर ठरावीक पद्धतीने डावी-उजवीकडे हलवायची असते. हे साधारण ८ ते १५ बैठकांचं काम आहे, जन्माचं नाही. पोराला विहिरीत ढकलून द्यायचं नसतं. कमरेला भोपळा बांधून, हात धरून उतरवायचं असतं.

‘पण डॉक्टर, खपली काढून रक्त कशाला आणायचं?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो अर्धा खरा आहे. दुर्घटना झाल्याझाल्या सगळ्यांना गोळा करून एका बैठकीत मन मोकळं करायला लावण्याची पद्धत एके काळी जगभर रूढ होती. चाचण्यांमध्ये तिचा उपयोग दिसला नाही, काहींमध्ये तर नंतरचा त्रास वाढलेला दिसला. तेव्हा जखम ताजी असताना उकरू नये, हे आजीबाईंचं शहाणपण विज्ञानालाही मान्य आहे. पण वीस वर्षांनंतरही जिथे हात लावला की माणूस किंचाळतो, त्या जागेला खपली म्हणत नाहीत. तिथे आत पू आहे, आणि गळवाचा निचरा घरी सुई तापवून करायचा नसतो. म्हणून मेहुण्याने दोन पेग झाल्यावर ‘सांगा ना दाजी, किती मारले?’ असं विचारणं हा उपचार नाही, निव्वळ आगाऊपणा आहे. घरच्यांनी उकरू नये आणि तोंडही दाबू नये. ते स्वतःहून बोलायला लागले तर टीव्हीचा आवाज बंद करून ऐकावं, एवढंच. फौजींची स्वतःची अडचण वेगळी असते: ‘ऑपरेशनचं बाहेर बोलायचं नसतं.’ बरोबर आहे, आणि बोलायची गरजही नाही. उपचाराला ठिकाण, पलटण, नावं यातलं काहीच लागत नाही. निष्कर्ष तपासण्याच्या पद्धतीत तर घटनेचं सविस्तर वर्णन न करताही गुण येतो, हे चाचण्यांमधून दिसलं आहे.

गुण किती येतो? इथे मी तुम्हाला जाहिरात ऐकवणार नाही. सैनिक आणि माजी सैनिकांवरच्या चाचण्यांचा एक आढावा २०१५ साली आला. बोलण्याच्या या मुख्य उपचारांनी ४९ ते ७० टक्के लोकांमध्ये ठळक सुधारणा झाली, पण सुमारे दोन-तृतीयांश लोकांवर आजाराचा शिक्का उपचारानंतरही कायम राहिला. म्हणजे त्रास खूप कमी झाला, पुसला गेला नाही. काही जण मधूनच सोडतात, कारण पहिल्या दोन-चार बैठकांनंतर झोप आणखी बिघडल्यासारखी वाटते. हे आधीच सांगितलेलं असेल तर माणूस टिकतो, म्हणून इथेच सांगून ठेवतो. गोळ्यांमध्ये सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीन यांना पुराव्याचा आधार आहे. त्यांची सवय लागून नशा होत नाही, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि मनाने बंद केल्या तर चक्कर, बेचैनी येते. उलट मेडिकलवाल्याशी ओळख काढून, झोपेसाठी म्हणून आणलेली अल्प्राझोलमची गोळी! अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या २०२३ सालच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांमध्ये या गटातली औषधं पीटीएसडीसाठी देऊ नका, असं स्पष्ट बजावलेलं आहे. मूळ आजार तसाच राहतो आणि गोळीचं व्यसन वर येतं. मात्र हे वाचून आज रात्रीच ती बंद करू नका. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, हळूहळूच उतरवायची. हेच कॅन्टीनच्या कोट्यातल्या रमलाही लागू आहे. रमने झोप लागते, पण पहाटेच्या आत उडते आणि दुःस्वप्नं उत्तररात्री जास्त जोराने येतात. मग कोटा पुरत नाही. आणि यूट्यूबवरचे ‘सात दिवसांत मुक्ती’वाले, ‘बाहेरचं आहे’ म्हणून लिंबू उतरवणारे आणि गांजाचं तेल विकणारे यांच्यावर मी शब्द खर्च करत नाही. योग, प्राणायाम, सकाळची धाव जरूर चालू ठेवा, अंगात शिस्त आहेच. पण तो आमटीसोबतचा भात, आमटी नव्हे.

आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगितली जाते: हे अमेरिकन लोकांचं दुखणं, आपल्या मराठा गड्याला असलं काही होत नाही, त्याच्यामागे पलटण असते. पलटणीचा आधार खराच आहे. आघातानंतर कोण आजारी पडेल आणि कोण सावरेल, हे ठरवणाऱ्या गोष्टींत माणसांची साथ फार वर येते, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसतं. पण मग त्याच युक्तिवादाचं पुढचं पाऊल टाका. पलटण हा जर भोपळा असेल, तर निवृत्तीच्या दिवशी तो कमरेचा सुटतो. जवान तिशीच्या शेवटी किंवा चाळिशीत घरी येतो. पहाटेचा बिगुल नाही, बरोबरीचे गडी नाहीत आणि एखाद्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन बारा तास एकट्याने बसायचं. काहींची लक्षणं नेमकी तेव्हाच, घटनेनंतर दहा-पंधरा वर्षांनी, उफाळतात. ‘तेव्हा काही झालं नाही, मग आता कसं?’ या प्रश्नाचं उत्तर हेच. साताऱ्याकडच्या अपशिंगेसारख्या गावात, जिथे घरटी फौजी आहे, तिथे हा आधार पारावर पुन्हा उभा करणं सोपं आहे. मुंबई-पुण्याच्या सोसायटीत तो शोधावा लागतो.

‘नोंद झाली तर पेन्शन जाईल’ ही धास्ती काढून टाका. मनोविकाराचा उपचार घेतला म्हणून मिळत असलेली सेवानिवृत्तीची पेन्शन थांबत नाही. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, म्हणजे ईसीएचएसचं, कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन मनोविकारतज्ज्ञाकडे रेफरल मागा. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये आणि मुंबईत आयएनएचएस अश्विनीमध्ये हा विभाग आहे. जिथे जाल तिथे लाज न बाळगता विचारा, ‘आघातावरच्या या उपचाराचं तुमचं प्रशिक्षण झालंय का?’ मराठीतून हे काम करणारे उपचारक थोडे आहेत, हे मान्य. पण माजी सैनिकांवर घेतलेल्या चाचण्यांत व्हिडिओ कॉलवरचा उपचार समोरासमोरच्या उपचाराइतकाच उपयोगी ठरला आहे, म्हणून गाव लांब आहे ही सबब चालणार नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालतो आणि मराठीत बोलता येतं. काही वेळा मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नसते. ‘मी नसलेलाच बरा’ अशी भाषा, अचानक उरकलेले जमिनीचे आणि बँकेचे व्यवहार, जपलेल्या वस्तू वाटून टाकणं, दिवसा भान हरपून जुन्या प्रसंगात गेल्यासारखं वागणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि विचारा, सरळ शब्दांत, की जीव द्यायचं मनात येतंय का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हीसुद्धा ‘विषय काढू नका’चीच जुनी भीती आहे. घरात परवान्याची बंदूक असेल तर ती बरं होईपर्यंत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. ‘तुमच्यावर विश्वास नाही म्हणून’ असं म्हणू नका. दुरुस्तीला टाकल्यासारखी, काही महिन्यांसाठी, असं म्हणा.

पहिल्या भेटीला येताना डिस्चार्ज बुक, ईसीएचएसचं कार्ड आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणा, मेडिकलवाल्याने दिलेल्यांचीही. त्या दिवशी त्या रात्रीबद्दल कुणी काही विचारणार नाही, हे त्यांना निघतानाच सांगा. आणि वहिनी, तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहू नका, आत या. रात्री अडीचला ते कुणाचं नाव घेऊन ओरडतात, हे त्यांना स्वतःला ठाऊक नसतं.